डिलीट केलेली धालोची गाणी

प्रश्न : आईने १९९०च्या सुमारास आसपासच्या वाड्यांवरून धालोची (गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याची) गाणी जमवली आणि बाबांच्या ऑफिसातल्या पीसीवर वर्डस्टार या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये, रोमन लिपीत टाइप करून ठेवली. फ्लॉपी भरली म्हणून बाबांनी सगळ्या ‘बॅक’ फाइली (आधीच्या प्रती) डिलीट केल्या. आता मूळ फाइल अर्धीच उघडते. सव्वापाच इंची फ्लॉपी जपून ठेवली आहे. काही परत मिळेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : मिळण्याची बरीच आशा आहे. फक्त आधी एक करा : फ्लॉपीच्या कडेची चौकोनी खाच चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही.

डॉसमध्ये, म्हणजे त्या काळच्या पीसी चालवणाऱ्या प्रणालीत, डिलीट म्हटलं की मजकूर पुसला जात नाही. फ्लॉपीवरच्या फाइलींच्या यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर काढून तिथे ‘ई५’ हा कोड बसतो आणि फाइलचे तुकडे जिथे होते ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. जागा मिळते ती एवढ्यानेच. गाणी होती तिथेच असतात, त्यांच्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून बाबांना विचारा, डिलीट केल्यावर त्या फ्लॉपीवर काही सेव्ह केलं होतं का? वर्डस्टार दर वेळी सगळी फाइल नव्याने लिहितो आणि आधीची ‘बॅक’ करून ठेवतो. एकदा सेव्ह केलं तरी मोकळ्या जागेतलं बरंच जाऊ शकतं.

ड्राइव्हमध्ये घालण्याआधी लांबट फटीतून तबकडी उजेडात बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिच्यावर पांढुरके ठिपके धरतात. ती बुरशी. ठिपके असतील तर फ्लॉपी अजिबात फिरवू नका. ड्राइव्हचं हेडही (तबकडी वाचणारा भाग) खराब होतं आणि तबकडीवर चरा पडला की तिथलं कायमचं गेलं. अशी फ्लॉपी साफ करून वाचणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्यावी. स्वच्छ असेल तर पूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत काढून घ्या. ३६० केबीची असेल तर प्रत बरोबर ३,६८,६४० बाइटांची व्हायला हवी. पुढचं सगळं काम या प्रतीवर. १९९१च्या डॉस ५मधली ‘अनडिलीट’ आज्ञा नावाचं पहिलं अक्षर विचारते आणि फाइल उभी करते. फाइल सलग नसेल तर तुकडे हाताने जोडावे लागतात. ते किचकट आहे, पण गाण्यांच्या ओळी तुमच्या आईला ओळखीच्या असतील, त्यांना शेजारी बसवा.

मजकूर उघडल्यावर बऱ्याच शब्दांचं शेवटचं अक्षर भलतंच दिसेल. फाइल बिघडली समजून टाकून देऊ नका. वर्डस्टार तिथे अक्षराच्या कोडात १२८ मिळवून ठेवतो. १२७च्या वरच्या प्रत्येक कोडातून १२८ वजा करणारा छोटासा प्रोग्राम कुणीही लिहून देईल, मला पाठवलात तर मीही देईन.