वाचकांचे प्रश्न : थेंबात साका बसतो, स्फटिक होत नाही

प्रश्न : मानवी पी५३ या (कर्करोग रोखणाऱ्या) प्रथिनाचे स्फटिक करायचे आहेत. ई. कोलाय या जिवाणूत पूर्ण ३९३ अमिनो आम्लांचं प्रथिन बनवून शुद्ध केलं. स्फटिकांसाठी थेंबांची प्लेट लावली की दुसऱ्याच दिवशी जवळजवळ प्रत्येक थेंबात तपकिरी साका दिसतो. चुकतं कुठे?
*एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, शिवाजीनगर, पुणे*

उत्तर : पूर्ण लांबीचं पी५३ घेतलंत, तिथेच अडलं. जनुकांच्या प्रतिलेखनाचं (डीएनएवरून आरएनए बनण्याचं) नियमन करणाऱ्या मानवी प्रथिनांमध्ये डीएनए धरणारा भाग घट्ट घडीचा असतो आणि बाकीचे पट्टे बरेचदा सैल, ठरावीक आकार नसलेले. स्फटिकात प्रत्येक रेणू शेजारच्या रेणूला त्याच जागी, त्याच कोनात टेकावा लागतो. लोंबते पट्टे ते होऊ देत नाहीत. ९४ ते ३१२ क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा मधला तुकडाच क्लोन करा. १९९४ मध्ये डीएनएसह जी पहिली रचना मिळाली, तीही या मधल्या भागाचीच.

आता जस्त. या तुकड्यात जस्ताचा एक अणू चार अमिनो आम्लांनी धरलेला असतो : सिस्टीन १७६, हिस्टिडीन १७९, सिस्टीन २३८ आणि सिस्टीन २४२. तो निसटला की डीएनएला टेकणारे लूप सैल पडतात आणि रेणू एकमेकांना चिकटून साका होतो. म्हणून जिवाणू वाढवतानाच माध्यमात १०० मायक्रोमोलर झिंक क्लोराइड घाला. प्रथिननिर्मिती सुरू करताना तापमान १८ अंशांवर आणून रात्रभर ठेवा. प्रोटीएज (प्रथिनं तोडणारी विकरं) रोखणारी गोळी ईडीटीए, म्हणजे धातू धरून ठेवणारं रसायन, नसलेलीच घ्या. बऱ्याच प्रयोगशाळांत जस्त जातं ते ईडीटीए असलेल्या गोळीमुळे, आणि कुणाला संशयही येत नाही. सिस्टीनचं ऑक्सिडीकरण रोखायला घालतात ते डीटीटीसुद्धा जस्त ओढून घेतं. त्याऐवजी त्याच कामाचं टीसीईपी ०.५ ते १ मिलिमोलर वापरा.

फॉस्फेट बफर टाळा. जस्त आणि फॉस्फेट एकत्र आले की क्षाराचे छान चमकदार खडे होतात आणि सगळे हुरळून जातात. बारीक सुईने दाबून पाहा : क्षाराचा खडा कडक असतो, टचकन फुटतो. प्रथिनाचा स्फटिक निम्मा पाणीच असल्यामुळे मऊपणे विस्कटतो. थेंबात मिथिलिन ब्लू हा रंग सोडला तर प्रथिनाचा स्फटिक निळा होतो, क्षाराचा सहसा नाही.

तापमानाकडेही लक्ष असू द्या. पी५३ चा हा भाग मुळातच नाजूक, ४४ अंशांच्या आसपास उलगडतो. ३७ अंशांनाही फार टिकत नाही. शुद्धीकरणाचं सगळं काम ४ अंशांवर करा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये वळिवाचा पाऊस आला की वीज जाते, म्हणून प्लेटचं कपाट बॅकअपवर असलेलं बरं. प्रथिनाची सुरुवात ८ ते १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरने करा. बहुतेक थेंबांत लगेच दाट साका आला तर प्रमाण निम्मं करा. बहुतेक स्वच्छच राहिले तर वाढवा.

प्रश्न : प्रथिन डीएनएसह स्फटिकात बसवायचं आहे. डीएनएचा तुकडा किती लांब घ्यावा?
*संशोधक विद्यार्थी, पाषाण, पुणे*

उत्तर : एकच लांबी मागवू नका. स्फटिकात डीएनएचे तुकडे बरेचदा टोकाला टोक लावून एक लांब दांडा करतात, आणि एका वेटोळ्यात बेसच्या साधारण १०.५ जोड्या असतात. त्यामुळे एका जोडीचा फरकही शेजारच्या प्रथिनाला सुमारे ३४ अंशांनी फिरवतो. प्रथिन जिथे बसतं ते बंधनस्थळ मध्ये ठेवून १२ ते २१ जोड्यांचे सात-आठ तुकडे करा; निम्म्यांची टोकं सपाट, निम्म्यांना एका बेसचं शेपूट. दोन्ही साखळ्या सम प्रमाणात मिसळून ९५ अंशांना ५ मिनिटं तापवा आणि हळूहळू थंड होऊ द्या. प्रथिनाच्या तुलनेत डीएनएचे रेणू १.२ पट घ्या.

त्याआधी प्रथिनाला जिवाणूचा डीएनए चिकटलेला नाही ना, ते पाहा. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर ०.६ च्या आसपास हवं. ते १ च्या वर असेल तर शुद्धीकरणाच्या स्तंभावरच १ मोलर मिठाने धुवा. ही पायरी अजिबात गाळू नका.

पी५३ च्या १९९४ च्या रचनेत एका डीएनए तुकड्याबरोबर प्रथिनाचे तीन रेणू होते आणि त्यांतला एकच योग्य क्रमावर बसलेला होता. तेव्हा स्फटिक मिळाला म्हणजे जोडणी हवी तशीच झाली, असं धरून चालू नका.

स्फटिक इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरणांच्या स्रोतावर) नेणार असाल तर गोठवण्याआधी द्रवात २० ते २५ टक्के ग्लिसरॉल घाला. नाहीतर क्ष-किरणांच्या चित्रात बर्फाची कडी उमटतात.

प्रश्न : प्रोटीन डेटा बँकेतल्या (प्रयोगातून मिळालेल्या रचनांच्या संग्रहातल्या) फाइलमध्ये काही अमिनो आम्लं गायब असतात. अल्फाफोल्ड हे रचनेचा अंदाज बांधणारं संगणकीय साधन मात्र पूर्ण साखळी दाखवतं. विद्यार्थ्यांना कोणती रचना दाखवावी?
*महाविद्यालयीन शिक्षिका, कोथरूड, पुणे*

उत्तर : दोन्ही शेजारी-शेजारी दाखवा. फाइलमधली ‘रिमार्क ४६५’ ही ओळ उघडा. गायब अमिनो आम्लांची यादी तिथे असते. ती प्रयोगात होती, पण स्थिर नसल्यामुळे क्ष-किरणांतून मिळणारा त्यांचा ठसा (इलेक्ट्रॉन घनता) दिसला नाही. अल्फाफोल्ड तेच भाग शेवयांसारखे काढतं आणि विश्वासांक ५० च्या खाली गेला की नारिंगी रंग देतं. त्या शेवयांचा आकार खरा मानू नये. त्याच्या डेटाबेसमधल्या पी५३ च्या मॉडेलमध्ये जस्तही नसतं : वर सांगितलेली चारही अमिनो आम्लं एकमेकांकडे वळलेली दिसतील, मधली जागा रिकामी.