महापालिकेचं बीट घेताना

सप्रेम नमस्कार.

तुला पुणे महापालिकेच्या बातमीदारीचं बीट मिळालं आणि हातात घेतल्या घेतल्या आयुक्तांचं बजेट समोर आलं, हे कळलं. "एवढ्या जाडजूड पुस्तकात नेमकं काय वाचू?" असं विचारलंस, म्हणून लिहूनच पाठवतोय.

शब्दांचं आधी उरकून टाकू. केंद्राचा आणि राज्याचा अर्थसंकल्प, महापालिकेचं अंदाजपत्रक. मथळ्यात जागा नसली की बजेट चालतं, त्यावरून डेस्कशी भांडू नकोस. घटनेच्या 112 व्या अनुच्छेदात 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' म्हटलंय, पण ते छापलंस तर कोणी वाचणार नाही.

खरी गोची पुढे आहे. घरात 'माझं बजेट वीस हजार' म्हणतो, तेव्हा तेवढे पैसे जवळ असतात. पालिकेत तरतूद म्हणजे खर्च करायची फक्त परवानगी. पैसे अजून यायचेत. म्हणूनच 'अमुक रस्त्याला इतके कोटी मिळाले' असं लिहू नकोस. मिळालेलं काहीच नसतं. 'तरतूद केली' एवढंच लिही.

म्हणून पुस्तक जमेच्या बाजूने उघड. सगळे खर्चावर तुटून पडतात, कारण तिथं उड्डाणपूल असतात. जमा बाजू रुक्ष खरी, पण फुगवाफुगवी तिथंच होते. 2013 मध्ये पुण्यातली जकात गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2017 मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून जीएसटीपोटी मिळणारी रक्कम राज्याकडून येते. पालिकेच्या स्वतःच्या हातात मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. बांधकामं थंडावली की दुसरं आटतं. मिळकतकराचा आकडा एकदम वाढवलेला दिसला तर सरळ विचार: नव्या मिळकतींची आकारणी होणार आहे, की जुनी थकबाकीच पुन्हा मांडलीय?

मग एकच लेखाशीर्ष, म्हणजे एका कामाच्या खर्चाची ओळ घे आणि आडवं वाच. गेल्या वर्षीचा अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. समज, एका रस्त्याला दहा कोटी धरले होते, सुधारितमध्ये सहा झाले, खर्च पडले दोन, आणि यंदा पुन्हा बारा धरलेत. बातमी त्या बारामध्ये नाही. दोनावरच का अडलं, हे पथ विभागात जाऊन विचार. बहुतेक वेळा उत्तर भूसंपादन असतं. कात्रज-कोंढवा रस्ता 84 मीटर रुंद आखला होता. जागा घ्यायला पैसे पुरेनात, म्हणून 50 मीटरवर आणावा लागला.

आणखी एक शब्द पाठ कर: वर्गीकरण. एका कामाचे पैसे उचलून दुसऱ्या कामाला देणं. मार्चअखेर जवळ आली की असे प्रस्ताव धडाधड येतात. विषयपत्रिकेत ते कंटाळवाण्या भाषेत दडलेले असतात, आणि पत्रकार चहाला गेले की मंजूर होतात. त्या वेळी जागेवर बस.

आयुक्त मांडतात, स्थायी समिती फेरफार करते, मुख्य सभा मंजूर करते, हा क्रम तुला ठाऊक असेलच. फक्त जुने आकडे ताडताना ध्यानात ठेव, मार्च 2022 पासून काही वर्षं नगरसेवकच नव्हते. मांडणारे आणि मंजूर करणारे एकच, प्रशासक म्हणून बसलेले आयुक्त.

नागरिकांनी सुचवलेल्या कामांचा भागही चाळ. 2006 पासून पुणेकर क्षेत्रीय कार्यालयात आपली कामं सुचवतायत: पदपथ, दिवे, बाक. रकमा किरकोळ, म्हणून कोणी बघत नाही. तू तुझ्या राहत्या प्रभागाची यादी काढ आणि रविवारी सकाळी पायी फिरून ये. कोणता बाक आहे, कोणता कागदावरच, ते लिहून आण. सोबत छायाचित्रकाराला ने, आणि कनिष्ठ अभियंत्याला फोन परतल्यावर कर, आधी नको.

तुझा,
जुन्या डेस्कवरचा काका