तुझ्या भुताला भूक लागू दे

प्रिय,

तुझी तिन्ही प्रकरणं काल एका बैठकीत वाचून काढली. राजांची थडगी खोदणाऱ्यांच्या वस्तीतली विधवा आणि तिच्याकडे परत येणारा तिचा नवरा, हा गाभा पक्का आहे. तो सोडू नकोस. अडतंय ते भुतापाशी. वारा सुटतो, दिवा विझतो, तो भिंतीतून येतो आणि ती किंचाळते. असं भूत कुठल्याही देशात, कुठल्याही शतकात चालून गेलं असतं. रामसेस राजांच्या इजिप्तमध्ये ते उपरं वाटतं.

तिथली माणसं मेलेल्यांना पत्रं लिहीत. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात एकोणिसाव्या राजवंशातलं एक पपायरस आहे. एका विधुराने ते अंखिरी नावाच्या आपल्या मेलेल्या बायकोला लिहिलंय. मी तुझं असं काय वाईट केलं की तू मला छळतेस, हा त्याचा सवाल. मग तो सगळा हिशोब मांडतो. तरुणपणी तुझ्याशी लग्न केलं, मोठ्या हुद्द्यावर गेलो तरी तुला टाकलं नाही. आजारी पडलीस तेव्हा वैद्य आणला. तू गेल्यावर आठ महिने धड खाल्लंप्यालं नाही. तीन वर्षं एकटा राहतोय. आणि तरी थांबणार नसशील, तर पश्चिमेच्या, म्हणजे मेलेल्यांच्या देशातल्या, देवांपुढे तुझ्यावर फिर्याद करीन!

माझ्या वाचनातलं हे सर्वांत हलवून टाकणारं प्रेमपत्र आहे. त्याला बायको परत आल्याचं आश्चर्य वाटत नाही, ती रागावली याचं वाटतं. तुझ्या नायिकेलाही तसंच वाटू दे. पहिल्या भेटीत तिने घाबरण्याआधी भांडावं.

दुसरं, मेलेल्याला तिथे भूक लागते, तहान लागते. अशी काही पत्रं मातीच्या वाडग्यात आतल्या बाजूने शाईने लिहिलेली सापडली आहेत. वाडग्यात अन्न ठेवायचं. मेलेला ते घ्यायला आला की मजकूर त्याच्या नजरेस पडणार. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात नायिका थडग्याच्या दाराशी नुसती रडते. तिच्या हातात तो वाडगा दे. घरात धान्य कमी आहे, भाकरी एकच आहे, आणि ती भाकरी ठेवली की अक्षरं झाकली जातात. वस्तीत विहीर नव्हती, पाणी खालून गाढवांवर यायचं. त्या पाण्यातलं घोटभर ती त्याच्यासाठी ओतते, तेव्हा तिचं प्रेम सांगायला वेगळं वाक्य लागणार नाही.

आता ज्याचं मला खरंच वाईट वाटलं ते सांगतो. तू 'जन्मोजन्मीचं नातं' लिहिलंयस. हे आपल्या रक्तात आहे, लेखणीतून आपसूक उतरतं. पण त्या माणसांच्या श्रद्धेत पुनर्जन्माचं चक्र नव्हतं. मेलेला पश्चिमेत जगत राहायचा. त्यासाठी देह टिकायला हवा आणि कुणीतरी नाव घेत राहायला हवं. नाव खोडलं गेलं की माणूस कायमचा संपला. तुझ्या कादंबरीचा खरा धोका तिथे आहे. ती दुसरं लग्न करील ही भीती त्याला कशाला हवी? ती आपलं नाव घ्यायची थांबेल ही भीती पुरेशी आहे. 'मोक्ष', 'आत्मा', 'स्वर्ग' हे शब्दही शक्य तिथे टाळ, ते आपापलं तत्त्वज्ञान सोबत घेऊन येतात. आत्म्याऐवजी 'बा' दाखव: माणसाच्या तोंडाचा पक्षी, थडग्यातून बाहेर उडणारा आणि पुन्हा देहाकडे परतणारा. पहाटे छपरावर तो बसलेला तिला दिसला, तर अख्खं प्रकरण त्यावर उभं राहील.

त्यांच्या प्रेमकवितांत प्रेमिक एकमेकांना 'भाऊ', 'बहीण' म्हणतात. मराठी वाचक तिथे दचकणारच. एकदाच वापर, तेही तो तिच्या केसांना हात लावत असताना, म्हणजे अर्थाबद्दल शंका उरणार नाही.

किरकोळ गोष्टी: नाणी काढून टाक. मजुरी धान्यात मिळे आणि वस्तूंची किंमत तांब्याच्या वजनात, देबेनमध्ये, मोजली जाई. माझ्या पहिल्या हस्तलिखितात मीही हीच चूक केली होती, आणि एका नाण्यामुळे वाचकाचा पुढच्या पन्नास पानांवरचा विश्वास उडाला होता. 'देर अल-मदिना' हे त्या वस्तीचं नंतरचं अरबी नाव, ते पात्रांच्या तोंडी नको. ती आपल्या वस्तीला नुसतं 'गाव' म्हणत.

नवरा परत येतो ती रात्रही बदलून बघ. त्यांचं वर्ष तीस दिवसांच्या बारा महिन्यांचं, वर पाच दिवस जादा. ते पाच दिवस धोक्याचे मानले जात. त्यातल्या शेवटच्या रात्री सगळी दारं बंद असताना हिने मात्र दार उघडं ठेवलंय, असं लिहून पाहा आणि चौथ्या प्रकरणाआधी मला तेवढीच पानं पाठव.

तुझा,
सर