पंगतीसाठी कडधान्यांचे रंगीत सॅलड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात गच्चीवर अंगत-पंगत होते आणि प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा असतो. यंदा सुमारे ४० जणांसाठी कडधान्यांचे रंगीत सॅलड करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दोन कुटुंबे दूधदुभते आणि मधही खात नाहीत, त्यामुळे सॅलड पूर्णपणे वनस्पतिजन्य हवे. मागच्या वर्षी आलेल्या अशाच सॅलडला तासाभरात पाणी सुटले होते आणि सगळी कडधान्ये एकाच तपकिरी रंगाची दिसत होती. हे कसे टाळावे? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सॅलडचा रंग भाज्यांमुळे येतो असे आपण धरून चालतो, पण तो टिकतो की जातो हे आदल्या रात्री, कडधान्ये भिजवताना आणि शिजवतानाच ठरलेले असते. राजम्याच्या सालीतील रंग पाण्यात उतरतो. त्याच पाण्यात काबुली चणे आणि चवळी असतील तर तीही तपकिरी होतात, आणि मग वरून कितीही सिमला मिरची घातली तरी ती कडधान्ये पुन्हा उजळ होत नाहीत. म्हणून पहिला नियम असा की प्रत्येक कडधान्य वेगळे भिजवावे आणि वेगळे शिजवावे. यात भांडी आणि वेळ जास्त लागतो हे खरे आहे, परंतु या एका बाबतीत तडजोड करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वेगळे शिजवण्याचे आणखी एक कारण आहे : मूग जेवढ्या वेळात मऊ होतात तेवढ्या वेळात राजमा अर्धाही शिजत नाही, आणि राजमा शिजेपर्यंत थांबलो तर मुगाचे वरण होते.

४० जणांना तोंडीलावणे म्हणून प्रत्येकी एक वाटी द्यायची असेल तर कोरडी कडधान्ये साधारण एक किलो पुरतात, कारण भिजून शिजल्यावर त्यांचे वजन सव्वादोन ते अडीच पट होते. राजमा ३०० ग्रॅम, काबुली चणे ३०० ग्रॅम, चवळी २५० ग्रॅम आणि हिरवे मूग २०० ग्रॅम असे प्रमाण घेतले की लाल, पांढरा, काळ्या ठिपक्याचा आणि हिरवा असे चार रंग मिळतात. त्यात मक्याचे उकडलेले दाणे ४०० ग्रॅम, काकडी अर्धा किलो, गाजर, कांदा आणि सिमला मिरची प्रत्येकी ३०० ग्रॅम आणि दोन मोठी डाळिंबे घालावीत. डाळिंबासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि ‘भगवा’ वाणाचे गर्द लाल, मऊ बियांचे दाणे या सॅलडमध्ये जेवढे शोभतात तेवढे दुसरे काहीच शोभत नाही. लिंबाच्या आंबटपणाने त्यांचा लाल रंग फिका पडत नाही, हा आणखी एक फायदा.

राजमा आणि काबुली चणे आठ ते दहा तास भिजवावेत, चवळी आणि मूग यांना चार ते पाच तास पुरतात. भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे दोन चहाचे चमचे मीठ घालावे. मिठाने कडधान्य शिजत नाही असा समज आपल्याकडे घरोघरी आहे, पण तो बरोबर नाही. मिठातील सोडियम सालीतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची जागा घेते, त्यामुळे साल लवचीक होते आणि शिजताना दाणा फुटत नाही. सॅलडमध्ये अखंड दाण्यालाच महत्त्व असल्याने ही गोष्ट येथे फार उपयोगी पडते. शिजण्यात खरा अडथळा आणतात ते आंबट पदार्थ आणि जड पाणी. म्हणून चिंच, टोमॅटो किंवा लिंबू शिजताना घालू नये, आणि घरात बोअरचे जड पाणी येत असेल तर भिजवण्यासाठी व शिजवण्यासाठी फिल्टरचे किंवा पिण्याचे पाणी वापरावे. खाण्याचा सोडा घालून काम लवकर उरकते, पण दाणे पिठूळ होतात आणि थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून सॅलडसाठी तो टाळावा. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवलेले भिजवणीचे पाणी फेसाळून आंबते, तेव्हा भांडी फ्रीजमध्ये ठेवणे चांगले.

सकाळी भिजवणीचे पाणी टाकून द्यावे, दाणे दोनदा धुवावेत आणि ताज्या पाण्यात किंचित मीठ घालून शिजवावेत. राजमा व काबुली चणे कुकरमध्ये एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर १२ ते १५ मिनिटे ठेवावेत आणि वाफ आपोआप जाऊ द्यावी. झाकण घाईने उघडले की दाब एकदम उतरतो आणि साली फाटतात. चवळी आणि मूग उघड्या पातेल्यातच शिजवावेत, म्हणजे डोळ्यांसमोर राहतात. मूग दहा मिनिटांनंतर दर मिनिटाला चाखून पाहावेत. दाणा बोटांत दाबला की दबावा, पण पसरू नये. धान्य जुने असेल तर हे सगळे हिशेब चुकतात, त्यामुळे पंगतीसाठी लागणारा माल ओळखीच्या दुकानातून नवा मागून घ्यावा आणि आधी मूठभर शिजवून पाहावा.

आता पाणी सुटण्याविषयी. काकडी, टोमॅटो आणि कांदा यांना मीठ लागले की त्यांच्यातील पाणी बाहेर येते, हे थांबवता येत नाही, पण पुढे ढकलता येते. यासाठी मसाला दोन टप्प्यांत घालावा. कडधान्ये चाळणीत पूर्ण निथळून गरम असतानाच मोठ्या परातीत पसरावीत आणि त्यांवर शेंगदाण्याचे तेल अर्धी वाटी, सात-आठ लिंबांचा रस, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड, किसलेले आले आणि दोन मोठे चमचे गुळाची पावडर घालून हलक्या हाताने कालवावे. गरम दाणा चव आत घेतो, थंड दाण्यावर ती नुसती वर राहते. गाजर आणि मका यांनी पाणी सुटत नाही, तेही आधीच मिसळले तरी चालते. काकडीचा बियांचा भाग काढून तिचे तुकडे वेगळ्या डब्यात न्यावेत. टोमॅटो मी या सॅलडमध्ये घालतच नाही, लाल रंगासाठी डाळिंब आणि राजमा पुरेसे आहेत. कांदा चिरून थोड्या लिंबाच्या रसात ठेवला तर लाल कांद्याला सुंदर गुलाबी रंग येतो आणि त्याचा उग्रपणाही जातो. कोथिंबीर मात्र शेवटी, वाढण्याच्या वेळी घालावी, कारण आंबटात राहिली की हिरवा रंग काळपट होतो. बीट वापरायचेच असेल तर ते बाजूला वेगळे ठेवावे, नाहीतर पाच मिनिटांत सगळी परात गुलाबी होईल.

शेवटची आणि आपल्या गावात सर्वांत महत्त्वाची गोष्ट उन्हाची आहे. शिजलेली कडधान्ये ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिली की जंतू वेगाने वाढतात. एरवी असा पदार्थ दोन तास बाहेर चालतो, परंतु हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या वर ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि संध्याकाळी गच्चीची फरशी तापलेलीच असते. म्हणून मसाला लावलेली कडधान्ये खोल पातेल्यात न ठेवता उथळ परातीत पसरून गार करावीत, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावीत आणि पंगतीला दोन डब्यांत न्यावीत. पहिला डबा वाढायला काढावा आणि दुसरा बर्फ घातलेल्या टोपात बंदच ठेवावा. लोक दोन टप्प्यांत जेवतात, तेव्हा सॅलडही दोन टप्प्यांत कालवावे.

प्रश्न : मटकीप्रमाणे राजम्यालाही मोड आणून तो कच्चाच सॅलडमध्ये घातला तर अधिक पौष्टिक होईल का? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : कृपया असे अजिबात करू नका. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन असते आणि त्याने काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. मोड आले तरी तो धोका संपत नाही. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळ उकळावाच लागतो. उकळी किमान दहा मिनिटे आणि शक्यतो अर्धा तास असावी. कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या वर जात असल्याने घरी तोच मार्ग सुरक्षित आहे. नुसत्या कोमट पाण्यात किंवा अतिशय मंद आचेवर तासन्तास ठेवून मऊ केलेला राजमा शिजल्यासारखा दिसतो, पण सुरक्षित नसतो.

मोड आलेली मटकी आणि मूग यांचे प्रकरण वेगळे आहे, तरीही मोड ज्या दमट उबेत येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. घरच्या दोघांसाठी ताजे मोड काढणे निराळे आणि लहान मुले, गरोदर स्त्रिया व वयस्कर मंडळी ज्या पंगतीत आहेत तेथे कच्चे मोड वाढणे निराळे. पंगतीसाठी मोड वाफवून घ्यावेत, कुरकुरीतपणा थोडा कमी होईल, पण मनाला घोर राहणार नाही.

प्रश्न : आम्ही जानेवारीत शेतावर हुरडा पार्टी ठेवतो. तेथे फ्रीज नाही. असे सॅलड नेता येईल का, आणि त्यात आपल्या भागाचे काही घालता येईल का? – एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : नक्की नेता येईल, आणि हुरड्याच्या दिवसांत तर राजम्याची गरजही नाही. त्या सुमारास ओला हरभरा, तुरीचे ओले दाणे आणि पावटा बाजारात भरपूर असतात. हे दाणे मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवून लगेच गार पाण्यात टाकले की हिरवे राहतात. त्यांना तेल आणि जिरेपूड लावून, बर्फ ठेवलेल्या डब्यात न्यावे. लिंबू तेथे पोहोचल्यावर पिळावे, कारण आधी पिळले तर हिरवा रंग मावळतो.

वाढताना वरून शेंगाचटणी भुरभुरावी. कुटून तेल सुटलेली सोलापुरी शेंगाचटणी कडधान्यांना अशी काही चव देते की वेगळा मसाला लागत नाही. मात्र शेंगदाण्याची अॅलर्जी असलेले कोणी आहे का हे आधी विचारावे, असल्यास चटणी वेगळ्या वाटीत ठेवावी आणि कालवण्यासाठीही दुसरे तेल वापरावे. सोबत मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी मोडून द्यावी. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत ते भरपूर असते, त्यामुळे ही जोडी दूध-दह्याशिवायही पुरेशी ठरते.

प्रश्न : घरातील वयस्कर मंडळी कडधान्याने पोट फुगते म्हणून हात लावत नाहीत. – एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : त्यांची तक्रार खरी आहे. कडधान्यांतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातील जीवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. भिजवणीचे व शिजवणीचे पाणी टाकल्याने त्या बऱ्याच कमी होतात. त्यांच्यासाठी मूग जास्त आणि राजमा कमी असलेला वेगळा भाग काढावा, दाणे मऊ शिजवावेत आणि वाढ लहान ठेवावी. रोज थोडे थोडे खाल्ल्याने पोटालाही सवय होते.

प्रश्न : उरलेले सॅलड दुसऱ्या दिवशी चालते का? – एक वाचक, शेळगी

उत्तर : पंगतीत उघडे राहिलेले सॅलड टाकून द्यावे, मन मोडत असले तरी. बर्फात बंद राहिलेल्या आणि लगेच फ्रीजमध्ये गेलेल्या डब्यातील सॅलड दुसऱ्या दिवशी चालते. त्याला सुटलेले पाणी फेकू नये, सॅलड जरा ठेचून त्याच पाण्यात ज्वारीचे पीठ, ओवा आणि तिखट घालून मळावे आणि थालीपिठे लावावीत.