पिल्लांच्या वाढीचे टप्पे : दिवा कधी काढावा, खाद्य कधी बदलावे?

प्रश्न : गावठी कोंबडीची पिल्ले तीन आठवड्यांची झाली आहेत. अंगावर कुठे लव, कुठे पिसे, अशी विस्कटलेली दिसतात. रोग आहे का? उबेसाठी लावलेला दिवा काढावा का? लवकर अंडी मिळावीत म्हणून लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य) आत्ताच सुरू केले तर?

उत्तर : या वयात लव गळून पिसे फुटतात. आधी पंख आणि शेपूट, मग पाठ-छाती, डोके व मान सर्वांत शेवटी. त्यामुळे पिल्लू कळकट दिसले, तरी खात-पळत असेल तर काळजी नको. मात्र अंग फुगवून, पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभे असेल आणि विष्ठेत रक्त दिसले, तर रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा संशय धरा. तीन ते सहा आठवड्यांत, लिटर (खाली अंथरलेले तूस) ओले राहिले की हा रोग फार लवकर पसरतो. पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढा आणि पशुवैद्यकांकडून औषध त्याच दिवशी घ्या. एक दिवसही थांबू नका.

कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असते. नळी तुटली की रक्त येते आणि बाकीची पिल्ले नेमकी तिथेच टोचतात. जखमी पिल्लू लगेच वेगळे करा. पीस मुख्यतः प्रथिनांचेच बनते, म्हणून या वयात नुसती कणी किंवा मका घालू नका. पिसे रखडतात, टोचाटोची वाढते. आठ आठवड्यांपर्यंत सुमारे २० टक्के प्रथिनांचे स्टार्टर (लहान पिल्लांचे खाद्य) द्या, पुढे १५-१६ टक्क्यांचे ग्रोअर (वाढीच्या वयाचे खाद्य). बदल करताना पाच-सहा दिवस दोन्ही मिसळून द्या.

दिवा एकदम काढू नका. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करत जा. पाठ व छाती पिसांनी पूर्ण झाकली की, साधारण पाच-सहा आठवड्यांनी, दिवा बंद करता येतो. थंडीत रात्रीचा आणखी काही दिवस ठेवा. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी पडते आहे. चोच उघडून लांब पळत असतील तर दिवा वर घ्या.

लेअर खाद्य आत्ता मुळीच नको. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. वाढत्या पिल्लाला ते पेलत नाही, मूत्रपिंडे निकामी होतात आणि अंडी लवकर तर मिळतच नाहीत. तलंगेचा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीचा) तुरा मोठा व लालभडक झाला, ती अंड्यासाठी आडोसा शोधू लागली की ते सुरू करा. गावठी तलंगेला याला पाच-सहा महिने लागतात.