सेल्फ नवा घेऊ का?

प्रश्न : काका, माझ्याकडे २००८ सालची डिझेल पिकअप आहे. पहाटे तुर्भ्याच्या मार्केटातून भाजी उचलतो आणि ठाण्याला जांभळी नाक्यावर टाकतो. घरून निघताना गाडी एका सेल्फात चालू होते. पण माल उतरवून परत निघायला चावी फिरवली की नुसतं ‘कट’ वाजतं. मीटरचे दिवे लागलेले असतात, हॉर्न वाजतो. अर्धा तास थांबलं की चालू होते, नाहीतर चार जणांना हाका मारून धक्का. बॅटरी नवी टाकली, सेल्फ खोलून ब्रश बदलले. आता मेकॅनिक म्हणतो सेल्फच नवा घ्या. घेऊ का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : इतक्यात नको. अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. थंड असताना सेल्फ फिरतो, गरम झाल्यावर अडतो आणि धक्का मारला की इंजिन लगेच पकडतं. म्हणजे इंजिन आणि डिझेल पंप ठीक आहेत. माझा संशय आहे तो चावीच्या स्विचपासून सेल्फच्या सोलेनॉईडकडे, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणाऱ्या विजेच्या खटक्याकडे, जाणाऱ्या एकाच वायरवर.

जुन्या गाड्यांत बऱ्याचदा मध्ये रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, नसतो. सोलेनॉईड ओढायला पहिल्या क्षणी लागणारा वीस-तीस अँपियर करंट थेट चावीच्या स्विचमधून जातो. रोज पहाटे ठिणग्या खाऊन आतले कॉन्टॅक्ट काळे पडतात. त्यात आपल्याकडचे पावसाळे आणि खाडीची हवा, त्यामुळे प्रत्येक जोडावर हिरवी बुरशी. सगळीकडे थोडे थोडे व्होल्ट गळतात आणि बॅटरीवर साडेबारा असले तरी सोलेनॉईडला आठच मिळतात. थंड सोलेनॉईड तेवढ्यावर कसाबसा ओढतो. इंजिनाशेजारी त्याची तांब्याची कॉईल ६० अंशांनी जास्त तापली, तर तिचा रोध जवळजवळ पाव हिश्श्याने वाढतो. करंट घटतो, सोलेनॉईडच्या आतला दांडा, म्हणजे प्लंजर, अर्ध्यावरच थांबतो. तेच तुमचं ‘कट’. मीटरचे दिवे लागतात यावर विसंबू नका, त्यांना अर्धा अँपियरही पुरतो.

आता मोजायचं. साधा मल्टिमीटर घ्या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. गाडी अडलेली असतानाच मोजा, थंड गाडीवर मोजून काही हाती लागत नाही. सोलेनॉईडला दोन जाड नट असतात आणि एक बारीक वायर येते. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन त्या बारीक वायरच्या टर्मिनलला लावा आणि कुणाला तरी चावी फिरवून धरायला सांगा. नुसतं ‘कट’ वाजत असताना बॅटरीवर १२ आणि इथे ७-८ दिसले, तर चोर वाटेत आहे. बॅटरीवरचेच व्होल्ट इथेही पोचत असतील आणि तरी सेल्फ हलत नसेल, तर एकदा अर्थिंग तपासून घ्या. तेही ठीक निघालं तर मात्र मेकॅनिकचं ऐका.

स्क्रू ड्रायव्हरने बॅटरीकडचा जाड नट आणि बारीक वायरचं टर्मिनल शॉर्ट करून बघायची आपल्याकडे फार हौस. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्याच्या अंगावर जाते. करू नका.

व्होल्ट कमी आले तर स्टिअरिंगखालचं कव्हर काढा आणि स्विचच्या मागचा कपलर हातात घेऊन बघा. पांढरं प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी झालेलं असेल, जळका वास येईल. तिथेच आधीच्या मालकाने म्युझिक सिस्टीम आणि जादा लाइटची वायर पिळून टेप मारलेली सापडली, तर मला नवल वाटणार नाही. जुनी गाडी घेताना लोक टायर बघतात, डॅशबोर्डखाली कुणी वाकत नाही.

इलाज स्वस्त आहे. स्विच आणि कपलर नवे घाला, शिवाय ४० अँपियरचा चार पिनांचा रिले बसवा. पिनांवर नंबर असतात: चावीकडून येणारी वायर ८६ ला, ८५ अर्थला, बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज लावून जाड वायर ३० ला आणि ८७ वरून सोलेनॉईडला. मग स्विचमधून फक्त रिलेच्या कॉईलचा करंट जाईल, तो पाव अँपियरच्या आतच असतो. रिलेच्या पिना खाली तोंड करून ठेवा, पाणी साचत नाही. म्युझिक आणि जादा लाइट वेगळ्या फ्यूजवर घ्या.

खाली वाकलाच आहात तर इंजिन आणि चासीमधली अर्थिंग पट्टीही बघा. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर पट्टी गंजली आहे. ती पार तुटली की सेल्फचा करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल भाजते. अशी वितळलेली केबल घेऊन गिऱ्हाईक येतं आणि नवी केबल मागतं!

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपचं इंजिन स्पीडब्रेकरवर आपोआप बंद पडतं, सगळा मीटर काळा होतो. चावी हलवली की परत येतो. डिझेल संपलेलं नसतं.
— एक वाचक, कळवा

उत्तर : चावीला काय काय लटकवलंय? घराच्या किल्ल्या, गोडाऊनचं कुलूप, देवाचा बिल्ला, सगळं काढा आणि एकटी चावी लावून चालवा. स्विच आतून झिजला असेल तर त्या वजनाने धक्क्याला कॉन्टॅक्ट सुटतो. बऱ्याच डिझेल पंपांवर एका वायरचा सोलेनॉईड असतो. त्याला चावीतून करंट मिळतो तोवरच डिझेल चालू. करंट गेला की इंजिन बंद, मग टाकी फुल का असेना. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, पंपाजवळ कान लावा, ‘टक’ ऐकू यायला हवं. मग कुणाला तरी चावी हळूच हलवायला सांगा. टकटक सुरू झाली तर स्विच बदला, आणि तो बदलेपर्यंत माल भरून घाटात जाऊ नका. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांतच संपतो.