माणूस मुळात स्वार्थी असतो की परोपकारी? मदत करून समाधान मिळतं, मग तोही स्वार्थच नाही का?

आधी प्रश्नाचा दुसरा भाग घेतो, कारण पहिल्यातला बराचसा गोंधळ तिथूनच येतो.

मदत करून बरं वाटतं, म्हणून मदत हा स्वार्थ, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्याला खोटं पाडेल अशी एकही घटना कल्पनेतसुद्धा आणता येत नाही, म्हणून तो बिनतोड आहे. बुडत्याला वाचवताना एखाद्याचा जीव गेला, तरी ‘त्या क्षणी समाधान मिळालं असेल’ असं म्हणायला कोणाची आडकाठी आहे? जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२६ साली छापलेल्या प्रवचनांत याचं उत्तर दिलंय आणि मला ते अजूनही पुरेसं वाटतं. समाधान मिळायचं तर आधी त्या गोष्टीची ओढ हवी. समोरच्याच्या दुःखाशी ज्याला काही देणंघेणंच नाही, त्याला ते दूर झाल्याचं समाधान कुठून मिळणार? तेव्हा नंतर काय वाटलं ते सोडा, हेतू काय होता ते पाहा.

हेतू तपासण्याचा एक मार्ग मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी १९८१ मध्ये दाखवला. एक विद्यार्थिनी पडद्यावर एलेन नावाच्या मुलीला विजेचे झटके बसताना पाहते. (झटके खरे नव्हते, पण तिला ते माहीत नव्हतं.) एकूण फेऱ्या १०. दुसऱ्या फेरीनंतर एलेन कासावीस होते आणि पाहणारीला विचारलं जातं, ‘तिच्या जागी तुम्ही बसाल का?’ निम्म्या जणींना आधीच सांगितलेलं असतं की दोनच फेऱ्या पाहायच्या, मग निघून गेलात तरी चालेल. उरलेल्यांना दहाही पाहाव्या लागणार असतात. शिवाय निम्म्यांना असं भासवलेलं असतं की एलेनचे विचार आणि आवडीनिवडी तुमच्यासारख्याच आहेत, निम्म्यांना उलट.

मदतीमागे फक्त स्वतःची अस्वस्थता टाळायची असेल, तर दार उघडं असलेली प्रत्येक जण निघून जायला हवी. एलेनशी साम्य न वाटणाऱ्या अगदी तशाच वागल्या. जायची मुभा असताना ११ पैकी २ जणी एलेनच्या जागी बसायला तयार झाल्या. पुढचं सगळं पाहावंच लागणार म्हटल्यावर ११ पैकी ७. साम्य वाटणाऱ्यांच्या बाबतीत मात्र मुभा असूनही ११ पैकी १० तयार झाल्या आणि मुभा नसताना ९. आकडे लहान आहेत, पण बॅटसन यांनी पुढे अनेक प्रकारे हा प्रश्न तपासला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: ज्याच्याशी साम्य वाटतं त्याच्यात आपण स्वतःलाच पाहतो, मग हा परोपकार कसला? तो वाद पूर्ण मिटलेला नाही. पण ‘अस्वस्थता टाळायची म्हणूनच सगळे मदत करतात’ एवढं सरळसोट विधान यापुढे टिकत नाही.

जीवशास्त्राचं थोडक्यात. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलं की नात्याचं प्रमाण (नात्यामुळे समान असलेल्या जनुकांचा वाटा) गुणिले घेणाऱ्याचा फायदा हे देणाऱ्याच्या तोट्यापेक्षा जास्त असेल, तर मदतीची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते (सख्ख्या भावंडात हे प्रमाण १/२, चुलत भावंडात १/८). वृत्ती का टिकली याचा हा हिशेब आहे. तो माणसाच्या मनात चाललेला हिशेब समजून ‘जनुकं स्वार्थी, म्हणून माणूस स्वार्थी’ असं म्हणणं ही चूक फार लोक करतात.

आता मूळ प्रश्न. माझं उत्तर: बहुतेक माणसं अटीवर सहकार्य करतात. इतर देत असतील तर देतात, इतरांनी हात आखडता घेतला की आपलाही घेतात. हे कागदावर मांडून पाहा.

चार जण, प्रत्येकाकडे २० टोकन. हवी तितकी सामायिक निधीत टाकायची, उरलेली स्वतःकडे. निधीतली रक्कम १.६ पट करून चौघांत सारखी वाटायची. सगळ्यांनी सगळी टाकली तर ८० ची १२८ होतात, प्रत्येकाला ३२. कोणीच टाकली नाहीत तर प्रत्येकाकडे २०. एकाने टाकली नाहीत आणि तिघांनी सगळी टाकली तर निधी ६०, तो होतो ९६, वाट्याला २४. टाकणाऱ्यांना २४, पण आयत्या बिळावरच्या नागोबाला ४४. टाकलेल्या एका टोकनामागे स्वतःला ०.४ च परत मिळतं, म्हणून निव्वळ स्वार्थी माणूस शून्य टाकेल. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत लोक साधारण निम्मी टाकतात. अनोळखी माणसं, नावं गुप्त, तरीही.

मग घसरण सुरू होते आणि दहाव्या फेरीपर्यंत निधी जवळपास आटतो. लोकांचं खरं रूप उघडं पडलं, असं इथे पटकन म्हटलं जातं. अर्थशास्त्रज्ञ उर्स फिशबाखर, सायमन गेख्टर आणि अर्न्स्ट फेर यांनी २००१ मध्ये ४४ जणांकडून तक्ता भरून घेतला: इतरांची सरासरी ०, १, २… २० असेल, तर तुम्ही प्रत्येक वेळी किती टाकाल? निम्म्या लोकांचा आकडा इतरांबरोबर चढत गेला. सुमारे ३०% कायम शून्यावर. काही जण ठरावीक मर्यादेपर्यंत चढून मग खाली आले. घसरणीचं कारण याच तक्त्यात आहे. चढत जाणारेसुद्धा सरासरीपेक्षा थोडं कमीच टाकतात, त्यात शून्यवाल्यांनी सरासरी आधीच ओढलेली असते. पुढच्या फेरीत ती आणखी खाली जाते, मग आणखी. शेवटची फेरी पाहून सगळेच स्वार्थी वाटतात, पण निम्म्यांनी फक्त अट पाळलेली असते.

याच खेळात पदरमोड करून शिक्षा करायची सोय दिली (स्वतःचं १ टोकन घालवलं की समोरच्याची ३ जातात), तर चित्र पालटतं. फेर आणि गेख्टर यांच्या २००२ च्या प्रयोगात गट दर फेरीला बदलत होते, त्याच माणसाशी पुन्हा गाठ पडणार नव्हती. म्हणजे शिक्षा करणाऱ्याला स्वतःला पुढे काहीच मिळणार नव्हतं. तरी लोकांनी खिशाला खार लावून फुकट्यांना शिक्षा केली आणि निधीतली रक्कम वाढली.

प्रयोगशाळेबाहेरचा पुरावा हवा असेल तर अलेन कोन आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास पाहा. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० हून जास्त पाकिटं ‘सापडली’ म्हणून बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयांच्या काउंटरवर दिली. पैसे नसलेल्या पाकिटांच्या मालकांशी सुमारे ४०% वेळा संपर्क साधला गेला, पैसे असलेल्यांच्या ५१% वेळा. मोह वाढला की परत करणं घटेल हा अंदाज साफ चुकला. मला त्यातली किल्ली सगळ्यात बोलकी वाटते. किल्ली मालकाशिवाय कोणाच्याच उपयोगाची नाही, आणि ती पाकिटात असली की संपर्काचं प्रमाण वाढत होतं. चोर ठरण्याची भीती पैशांचा खुलासा करते, किल्लीचा नाही.

हे एखाद्या खऱ्या गटात वापरायचं असेल तर कोणी किती दिलं ते आधी सगळ्यांना दिसू द्या. दंड सगळ्यात शेवटी. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांच्या अभ्यासात सहा ठिकाणी उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले आणि दंड काढल्यावरही कमी झाले नाहीत. उशीर ही विकत घ्यायची गोष्ट बनली होती. शिवाय शिक्षेचा अधिकार सगळ्यांच्या हाती देण्याआधी आपसातला विश्वास पाहा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ शहरांत हाच निधीचा खेळ खेळवला, तेव्हा अथेन्स आणि मस्कतसारख्या ठिकाणी कित्येकांनी जास्त टाकणाऱ्यांनाच शिक्षा केली. जिथे असं झालं, तिथे शिक्षेची सोय असूनही निधी फारसा वाढला नाही.